हळू टाकलेला तिसरा गिअर

जुना गिअरबॉक्स गेला तेव्हा स्फोटबिट काही झाला नाही. दुसऱ्यातून तिसरा टाकला, अ‍ॅक्सिलरेटर तळाला नेला, टर्बोचा बूस्ट (जादा हवेचा दाब) चढला आणि पायाखाली वाळकी काटकी मोडावी तसा एकच ‘टक्’ ऐकू आला. पुढच्या क्षणी इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांवर किंचाळतंय आणि गाडी मात्र आपली घरंगळतेय. चौथा टाकून पाहिला तर ती पुन्हा ओढायला लागली. मग काय, चौथ्यावरच घरी आलो. जिथे थांबावं लागलं तिथून चौथ्यावरच क्लच जाळत निघालो. तो वास दोन दिवस गाडीत होता.

दुसऱ्या दिवशी ऑइल सोडलं. आधी काळपट तेल आलं, मग चंदेरी चमक असलेली गढूळ धार, आणि मग धारच थांबली. ड्रेनच्या भोकात काहीतरी अडकलं होतं. चिमट्याने ओढून काढलं तर तिसऱ्या गिअरच्या दात्याचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. मोडलेली बाजू साखरेसारखी खरखरीत, दुसरी बाजू अजून आरशासारखी गुळगुळीत.

गाडी जुनी आहे. दोन दरवाजे, तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, मागची चाकं ओढणारी. टर्बो बदलला, इंजेक्टर बदलले, ट्यूनिंग करून घेतलं आणि डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ६४० न्यूटन मीटर टॉर्क आला. त्या दिवशी मी तो कागद घडी घालून पाकिटात ठेवला होता. मूळ गिअरबॉक्स चारशेच्या आसपास टॉर्कसाठी बनवलेला, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ‘बघू, जातोय तोवर जाऊ दे’ हे माझं त्यावेळचं तांत्रिक धोरण.

पण तिसराच का मोडला? पहिला-दुसरा का नाही? माझ्या डोक्यात होतं की सगळ्यात जास्त ताण पहिल्या गिअरवर येणार. तसं होत नाही, कारण पहिल्या-दुसऱ्यात पूर्ण पाय दिला की टायर घसरतात. टायर घसरले की त्यापुढचा टॉर्क गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. टायरच फ्यूजचं काम करतात. तिसऱ्यात मात्र टायर धरून ठेवतात आणि इंजिनचा सगळा जोर दात्यांवर येतो. त्यात दाते तिरके, म्हणजे हेलिकल. तिरके दाते एकमेकांना ढकलतात तसे शाफ्टलाही त्याच्या लांबीच्या दिशेने ढकलतात, शिवाय कुठलेही दाते दोन शाफ्टना एकमेकांपासून दूर लोटतातच. अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग थोडं ताणलं जातं, दोन शाफ्ट एकमेकांपासून केसभर लांब होतात आणि मग दाता पूर्ण रुंदीने न टेकता एका कडेवर टेकतो. कड किती दिवस टिकणार? चौथा वाचला कारण त्या गिअरबॉक्समध्ये चौथा थेट आहे, एकास एक. ताकद पुढच्या शाफ्टवरून सरळ मागच्या शाफ्टवर जाते, खालच्या काउंटरशाफ्टला हात न लावता. माझ्या घरी येण्याचं रहस्य ते.

शहाण्या माणसाने इथे काय केलं असतं ते आधी सांगून टाकतो. ट्रेमेक कंपनीचा टी-५६ मॅग्नम हा गिअरबॉक्स घेतला असता. सहा गिअर, सगळ्यांना सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणारी सोय), कंपनीने दिलेली क्षमता ७०० पाउंड-फूट, म्हणजे जवळजवळ ९५० न्यूटन मीटर. रस्त्यावर वापरायची ताकदवान गाडी असेल तर बहुतेकांनी तोच किंवा त्याच जातीचा घ्यावा आणि पुढचा लेख न वाचता गाडी चालवायला जावं. मी गंमत म्हणून म्हणत नाही, खरंच.

मी घेतला डॉग बॉक्स. पाच गिअरचा, एच पॅटर्नचा (लिव्हर इंग्रजी H सारख्या खाचांतून फिरतो तो), पहिले चार गिअर सरळ दात्यांचे, पाचवा तेवढा हेलिकल. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, “कुत्र्याचं खोकं?” आणि आजतागायत त्याचं नाव आमच्या घरात तेच आहे.

का घेतला? एक कारण सांगण्यासारखं, एक न सांगण्यासारखं. न सांगण्यासारखं म्हणजे माझ्या मित्राच्या रेसच्या गाडीत मी एकदा बाजूला बसलो होतो आणि तो गिअर कसे बदलतो ते पाहिलं होतं. हात लिव्हरवर गेला आणि परत आला, मध्ये काही घडलंच नाही जणू. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते अशा वेळी कळतं. सांगण्यासारखं कारण गिअरच्या गुणोत्तरांचं. माझ्या जुन्या बॉक्सचा पहिला ३.३५ (गिअरबॉक्समधून बाहेर जाणारा शाफ्ट एक फेरा फिरतो तेव्हा इंजिन ३.३५ फेरे फिरतं) आणि दुसरा १.९३. म्हणजे सात हजारांवर पहिल्यातून दुसरा टाकला की इंजिन साधारण ४,०३० वर पडायचं. माझा टर्बो जागा होतो ४,२०० ला. त्यामुळे दुसरा टाकला की गाडी एक श्वास घ्यायची, मग धावायची. नव्यात पहिला २.५५ आणि दुसरा १.७५, सात हजारांवरून इंजिन ४,८०० वर येतं आणि बूस्ट तसाच राहतो. कागदावर हा एवढासा फरक दिसतो. पाठीला तो ताबडतोब कळतो.

अर्थात हे फुकट मिळत नाही. पहिला गिअर लांब झाला की थांबलेली गाडी हलवणं जड जातं. म्हणून मागच्या डिफरन्शिअलचं क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांआधीची शेवटची गिअरजोडी, ३.७३ चं काढून ४.१० चं टाकलं. आणि पाचवा आता ०.६८ ऐवजी ०.८०, त्यामुळे ताशी १०० ला जुनं इंजिन २,०६० च्या आसपास फिरायचं ते आता २,६७० ला फिरतं. लांबच्या प्रवासात तो सहाशेचा फरक कानाला सतत टोचत राहतो. सीक्वेन्शियल (ज्यात गिअर एकामागून एक क्रमानेच पडतात तो) का नाही, असं एकाने विचारलं. मला एच हवा होता. चौथ्यातून थेट दुसऱ्यात जाता आलं पाहिजे, आणि लिव्हर कुठे आहे ते पाहून गिअर कुठला ते कळलं पाहिजे. एवढंच.

*

आता डॉग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं रडगाणं कळणार नाही.

आपल्या साध्या गाडीत गिअर टाकताना आत दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने फिरत असतात. त्यांचा वेग जुळवण्याचं काम सिंक्रोची पितळी रिंग करते. ती आधी घासते, वेग एक करते आणि मगच स्लीव्हला (गिअरला शाफ्टशी जोडणाऱ्या सरकत्या कड्याला) पुढे जाऊ देते. स्लीव्हला आतून बारीक बारीक पुष्कळ दाते असतात. आपल्याला हातात फक्त एक मऊ अडथळा जाणवतो आणि मग गिअर पडतो. ही सोय अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरची. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ती पहिल्यांदा गाडीत आणली. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हरला दोनदा क्लच दाबून, मध्ये इंजिन रेस करून, अंदाजाने वेग जुळवावा लागायचा.

डॉग बॉक्समध्ये ती पितळी रिंग नाहीच. बारीक दात्यांच्या जागी पाच-सहा जाडजूड ठोकळे आणि त्यांच्यामध्ये मोठाल्या खिडक्या. वेग जुळला असो वा नसो, ठोकळा खिडकीत जाऊन बसतो. बसला की बसला. ठोकळ्यांच्या कडा आतल्या बाजूला काही अंश तिरक्या कापलेल्या असतात. त्यामुळे जितका जोर येईल तितके ते एकमेकांत घट्ट रुततात. पूर्ण टॉर्कवर लिव्हर ओढून बघा, जागचा हलत नाही. पाय किंचित सैल केला की ती पकड क्षणभर सुटते आणि हाताचा दाब आधीच दिलेला असेल तर लिव्हर आपसूक उडून बाहेर येतो. त्याच झटक्यात पुढचा गिअर टाकायचा. वर जाताना क्लचची गरज फक्त गाडी हलवताना.

हे काही आगळंवेगळं नाही बरं का. ज्याने मोटरसायकल चालवली आहे त्याने डॉग बॉक्स चालवलाच आहे. जवळजवळ प्रत्येक मोटरसायकलच्या आत हेच असतं. तिथे ते गुमान चालतं कारण फिरणारे भाग हलके, आणि पायाच्या एका ठोशात ड्रम फिरून गिअर पूर्णच पडतो. अर्धवट टाकायची सोयच नाही. एच पॅटर्नमध्ये ती सोय आहे. हात माझा आहे, तो अर्धवट टाकू शकतो. पुढे काय झालं असेल ते हुशार वाचकाला इथेच कळलं असेल.

*

बसवणं. मित्र म्हणाला होता, “एका शनिवार-रविवारचं काम.” पाच आठवडे लागले.

बोल्ट काढणं-लावणं हा भाग सोपा. पाच आठवडे गेले ते मिलिमीटरांत. नवा बॉक्स जुन्यापेक्षा वेगळ्या लांबीचा, त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट ६२ मिलिमीटरने कापून, पुन्हा वेल्ड करून, बॅलन्स करून आणला. लिव्हर ३८ मिलिमीटर मागे आला म्हणून टनेलचा पत्रा कापला. रेसच्या बॉक्सला रिव्हर्स लाइटचा स्विचच नसतो (रेसमध्ये मागे जाऊन कोण काय करणार?), म्हणून रिव्हर्सच्या रॉडपाशी एक मायक्रोस्विच बसवला. क्लच म्हणाल तर १८४ मिलिमीटरच्या दोन प्लेटांचा, सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून, तापवून केलेला). हलका हवाच, कारण क्लच दाबून गिअर टाकताना त्या प्लेटांचं फिरतं वजन डॉगलाच ओढून जुळवावं लागतं. हलक्या क्लचची किंमत म्हणजे तो विजेच्या बटणासारखा आहे: बंद किंवा चालू, मधलं काही नाही. पहिल्या दिवशी आमच्याच फाटकात चार वेळा इंजिन बंद पाडलं.

पण खरा शनिवार-रविवार गेला तो बेल हाउसिंगवर. हे मी सविस्तर सांगणार आहे, कारण बरेच जण ही पायरी खातात आणि मग सहा महिन्यांनी गिअरबॉक्स बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडतात.

इंजिनच्या क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत हवेत. दोघांना जोडणारं बेल हाउसिंग ओतीव असतं, इंजिनचा ब्लॉकही ओतीव, आणि दोन्हींमध्ये थोडी थोडी चूक असते. कधी त्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात, कधी त्यांची बेरीज होते. मोजायचं कसं? फ्लायव्हीलवर चुंबकाचा स्टँड, त्याला डायल गेज, गेजचं टोक बेल हाउसिंगच्या मागच्या मोठ्या गोल भोकाच्या कडेला टेकवायचं आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवायचा. स्पार्क प्लग काढून ठेवायचे, नाहीतर कॉम्प्रेशनमुळे क्रँक हिसके देतो. काटा एका फेऱ्यात जास्तीत जास्त ०.००५ इंच, म्हणजे ०.१२७ मिलिमीटर हलला तर चालतो.

माझा काटा ०.४१ हलला. दुसऱ्यांदा ०.२९. तिसऱ्यांदा ०.३७. प्रत्येक वेळी वेगळं उत्तर म्हणजे मापणाऱ्यात खोट. गुडघ्यावर बसून बॅटरीच्या उजेडात नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं: स्टँडचा दांडा लांब होता आणि गेज वरच्या बाजूला असताना एका अंगाला, खालच्या बाजूला आल्यावर दुसऱ्या अंगाला लवत होता. मी बेल हाउसिंग मोजतच नव्हतो, दांड्याचं लवणं मोजत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जाड, आखूड दांडा केला, सांधे घट्ट केले, पुन्हा मोजलं. ०.३४. पुन्हा मोजलं, ०.३४. चार वेळा ०.३४ आल्यावर विश्वास ठेवला.

०.३४ ही पूर्ण फेऱ्याची चूक. मध्य सरकलाय तो त्याच्या निम्मा, ०.१७. त्यासाठी मध्य सरकवलेले डॉवेल पिन (हाउसिंगची जागा ठरवणाऱ्या खुंट्या) मिळतात, ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंचांचे. ०.००७ इंच म्हणजे ०.१७८ मिलिमीटर. मला हवा होता तोच. पिन ब्लॉकमध्ये ठोकायचा, मग त्याच्या तोंडावरच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून फिरवायचा. सरकवलेला भाग ज्या दिशेला वळेल त्या दिशेला हाउसिंग सरकतं. दोन्ही पिन एकाच दिशेला वळलेले हवेत. मी पहिल्यांदा उलट्या दिशेला वळवले आणि काटा ०.७० वर गेला. त्यावरून एवढं कळलं की दिशा तरी अचूक उलटी होती. शेवटी ०.०४ आलं. रात्री साडेअकरा वाजता ०.०४ साठी माणूस किती खूश होऊ शकतो ते सांगून पटणार नाही.

हे न करता बॉक्स तसाच लावला असता तर? गाडी चालली असती. इनपुट शाफ्टचं बेअरिंग दर फेऱ्याला वाकडं दाबलं गेलं असतं, क्लच कधीच पूर्ण सुटला नसता, गिअर जड पडले असते. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो असतो की डॉग बॉक्स वाईट.

बाकीचं भराभर सांगतो. रिलीज बेअरिंगला चार मिलिमीटर मोकळी जागा शिम लावून साधली. क्लच पेडलखाली एक रोधक लावला, कारण हा क्लच हवा त्यापेक्षा जास्त दाबला तर प्रेशर प्लेट खराब होते. बॉक्सची शेपटी थोडी खाली राहिली होती, त्यामुळे ताशी ११० ला सीटखाली भुणभुण यायची. क्रॉसमेंबरखाली सहा मिलिमीटरची पट्टी घातल्यावर गेली.

*

पहिल्यांदा गाडी सुरू केली, न्यूट्रलमध्ये, आणि हात कपाळावर गेला. डब्यात मूठभर खिळे घालून कुणीतरी हलवतंय असा आवाज. क्लच दाबला की बंद, सोडला की परत सुरू. मित्राला फोन लावून तो आवाज ऐकवला. तो म्हणाला, “छान आहे की.” सरळ दात्यांमध्ये मोकळीक जास्त ठेवलेली असते, मंद चालणाऱ्या इंजिनचे हिसके आले की भार नसलेले गिअर एकमेकांवर आपटत राहतात. त्याने काही बिघडत नाही. शेजाऱ्यांना मात्र हे समजावून सांगता येत नाही.

चालायला लागल्यावर खिळे थांबतात आणि शिट्टी सुरू होते. तिरका दाता हळूहळू टेकतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सरळ दाता पूर्ण रुंदीने एकदम टेकतो, आणि सेकंदाला शेकडो वेळा. म्हणून तो सूर. वेग वाढला की सूर चढतो, पाय काढला की त्याचा पोत बदलतो, थोडा घोगरा होतो. मला तो आवडतो. बायको एकदा बाजूला बसली आणि दहा मिनिटांनी म्हणाली, “बोलायचं असेल ते पोचल्यावर बोलू.” मग खरंच पोचल्यावर बोललो.

आणि वेग? पूर्ण पाय देऊन पहिल्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा जेव्हा जमला, तेव्हा खाड, खाड, बस्स. बूस्टचा काटा जागचा हलला नाही. त्या आठवड्यात मी कारण नसताना गाडी बाहेर काढायचो.

दोन महिन्यांनी तिसरा निसटायला लागला.

पाय काढला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला. आधी क्वचित, मग दर वेळी. मी आधी लिव्हरच्या रॉडची सेटिंग बघितली, मग माउंटिंग बघितलं, मग लिव्हर हाताने धरून चालवायला लागलो, जो उपाय नव्हेच. शेवटी बॉक्स उतरवला. या बॉक्सची एक गोष्ट मानली पाहिजे: तो उघडण्यासाठीच बनवलेला आहे. रेसवाले ट्रॅक बदलला की गिअर बदलतात, आणि त्यांच्या बॉक्सचं आयुष्य किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये मोजलं जातं. दुपारपर्यंत सगळा सांगाडा टेबलावर होता.

तिसऱ्या-चौथ्याची डॉग रिंग, म्हणजे ते ठोकळे असलेलं सरकतं कडं, हातात घेतली. तिची एक बाजू चौथ्याकडे बघते, एक तिसऱ्याकडे. चौथ्याकडच्या ठोकळ्यांची कड इतकी धारदार की नख लावलं तर नखाचा भुगा निघत होता. तिसऱ्याकडच्या ठोकळ्यांना कडच उरली नव्हती. साबणाची वडी वापरून गोल व्हावी तसे कोपरे गोल, आणि वर लख्ख चकाकी. ती आतल्या बाजूची तिरकी कापणी, जिच्या जिवावर गिअर धरून राहतो, ती निम्मी गेलेली. रिंग एकच, पोलाद एकच, तेल तेच. मग एक बाजू नवी आणि एक बाजू सत्तरीची कशी?

मित्र आला, त्याने रिंग उजेडात धरून फिरवली आणि विचारलं, “ट्रॅफिकमध्ये तिसरा कसा टाकतोस?”

मी म्हटलं, “जपून. क्लच पूर्ण दाबतो, न्यूट्रलला थोडा थांबतो, मग हळूच आत ढकलतो. जरा कर्रर्र होतं, पण मी जोर लावत नाही.”

“म्हणजे तू गिअर टाकत नाहीस, आत येऊ का विचारतोस.”

त्याचं म्हणणं असं. न्यूट्रलला थांबलो की इंजिनकडची बाजू मंद होत होत जुळणाऱ्या वेगाच्याही खाली जाते, चाकांकडची फिरत राहते, वेगातला फरक पुन्हा वाढतो. मग मी हळूच ढकलतो तेव्हा ठोकळा खिडकीत पूर्ण जात नाही. कोपरा कोपऱ्यावर आपटतो, घसरतो, पुढच्यावर आपटतो. ते ‘जरा कर्रर्र’ म्हणजे दर वेळी पंधरा-वीस टोले, सगळे कोपऱ्यांवर. पूर्ण ताकदीने खाडकन टाकलेल्या गिअरला एक टोला बसतो, तोही ठोकळ्याच्या सपाट अंगावर, जिथे तो झेलायला बनवलेला आहे. मी ट्रॅकवर ज्याला मारलं म्हणून मनात हळहळत होतो ते सगळं त्याला मानवलं होतं, आणि बाजारातून येताना ज्याला गोंजारलं त्यानेच त्याचा जीव गेला.

मग तिसराच का, हा प्रश्न पुन्हा आलाच. दुसऱ्यातून तिसरा म्हणजे सरळ रेषा नाही: पुढे, आडवा, पुन्हा पुढे. तिथे हात अडखळतो. तिसऱ्यातून चौथा म्हणजे नुसता मागे ओढायचा, तो माझ्यासारख्यालाही पटकन जमतो. रिंगच्या दोन बाजूंवर माझ्या हाताचं प्रगतिपुस्तक छापलेलं होतं.

“रिंग उलटी लावली तर?” मी विचारलं. नवी बाजू तिसऱ्याला, जुनी चौथ्याला.

“मग चौथा निसटेल. आणि गिअरवरचे ठोकळे? तेही घासलेत ना?”

रिंग आणि तिसरा गिअर, दोन्ही नवे घातले.

त्यानंतर तीन रविवार मित्राने माझी शिकवणी घेतली, रिकाम्या ट्रॅकवर. पहिली सूचना: मूठ आवळायची नाही. मुठीने धरला की माणूस लिव्हर चालवतो, म्हणजे वाट दाखवत बसतो, आणि आडवं जाताना तो तिरका ओढला जातो. पुढे जाताना उघड्या तळव्याने ढकलायचं, मागे येताना बोटांच्या आकड्याने ओढायचं. दुसऱ्यातून तिसऱ्याला जाताना तळवा थोडा बाहेरच्या बाजूला ठेवायचा आणि लिव्हरला त्याच्या स्प्रिंगनेच मध्यावर येऊ द्यायचं, मी आडवा न्यायचाच नाही. दुसरी सूचना: पाय आणि हात एकदम. लिव्हरवर दाब आधीपासून, पाय सैल, खाड, पाय परत. क्लच विसर. पन्नास-साठ वेळा केल्यावर माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखून धरतोय.

खाली येताना त्याने जास्त बोलणी खाऊ घातली. चौथ्यातून तिसरा टाकताना इंजिनला आधी वर आणावं लागतं, ब्रेक दाबलेला असताना त्याच पायाच्या कडेने अ‍ॅक्सिलरेटरला टिचकी मारून. इथे मी क्लच वापरतो, तो वापरला तर डॉगचं आयुष्य वाढतं. टिचकी कमी पडली तर मागची चाकं क्षणभर चीं करतात. जास्त झाली तर गाडी पुढे ढकलली जाते. बरोबर बसली तर काहीच होत नाही, आणि त्या ‘काहीच’साठी मी अजून झगडतोय.

ट्रॅफिकचं उत्तर त्याने फारच सोपं दिलं: गिअर बदलूच नकोस. दुसऱ्यात राहा, कंटाळा आला तरी दुसऱ्यात राहा. बदलायचाच असेल तर २,००० ला गोंजारत नको, ३,५०० पर्यंत जाऊ दे आणि ट्रॅकवर टाकतोस तसाच टाक. लोक बघतात. बघू देत.

तेव्हापासून वर्ष होत आलं. मधे एकदा ऑइल बदललं, ड्रेन प्लगच्या चुंबकावर बोटाने पुसता येईल अशी राखाडी साय होती, किरचा एकही नाही. तिसरा धरून आहे. घासलेली रिंग माझ्या टेबलावर असते, पेन ठेवायला बरी पडते.

एक परिणाम मात्र कुणी सांगितला नव्हता. परवा बायकोची गाडी चालवत होतो. तिची साधी, पाच गिअरची, गेली कित्येक वर्षं मीच निम्मी चालवलेली. दुसऱ्यातून तिसरा टाकताना हाताला काहीतरी लागलं. मऊ, रबरासारखं, अर्धा क्षण, आणि मग आत. मला वाटलं गिअरबॉक्समध्ये काहीतरी झालंय. पुन्हा टाकून पाहिला, पुन्हा तेच. मग लक्षात आलं, ती पितळी रिंग होती, इतकी वर्षं हेच करत आलेली. मी एकदम तळव्याने ढकलत असल्यामुळे तिला घासायला वेळच देत नव्हतो.

“अरे, थांब की जरा,” बायको म्हणाली. “पडू दे त्याला.”